इतवाऱ्यातला भाकस

अमरावतीच्या इतवारा बाजारात देवमननं बर्फाच्या पेटीतून मासा वर काढला आणि प्रतीक्षाचा जीव खालीवर झाला. "घेऊन जा वयनी, चपटा पापलेट होय," देवमन म्हणाला. पापलेट कसला डोंबलाचा! एक बाजू मातकट, दुसरी पांढरीफटक, आणि दोन्ही डोळे मातकट बाजूला. भाकस होता तो. भावही न करता तिनं तो घेतला.

तिचा नवरा कुंदन जिल्हा परिषदेचा मास्तर. वऱ्हाडातल्या कितीतरी पोरांसारखी त्याचीही पहिली नेमणूक थेट कोकणात, हर्णै बंदरात झाली, आणि बदली मिळेपर्यंत त्यांची पोरगी तिथेच शाळेत जायला लागली. अकोल्याच्या माहेरी प्रतीक्षानं मासा पाहिला तो धरणातला. हर्णैला शेजारच्या हिराबाय कोळणीनं तिला पाटावर बसवून एकेक ओळखायला शिकवलं. जिभेसारखा लांबट तो लेप, रुंद आणि दातवाला तो भाकस. होड्या लागल्या की हिराबाय वाटे घालायची, आणि त्यात मास्तरांचा वाटा धरलेलाच असायचा.

बदली झाली तेव्हा खानदानानं पेढे वाटले. प्रतीक्षाच्या डोळ्यांतलं पाणी आनंदाचं आहे, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. कुंदन तर चारचौघांत त्या वर्षांना वनवास म्हणायचा. ते तिच्या काळजाला लागायचं. ते गाव आपल्या एकटीलाच आठवतं की काय, हे त्याला विचारायची तिची छाती होत नव्हती.

त्या दुपारी वलगावहून सासूबाई गोदाबाई आणि मोठे दीर केशवराव जेवायला आले होते. नारळाचं कालवण पाहून केशवराव म्हणाले, "असं मिळमिळीत खाऊन वनवासच भोगला बाप्पा तू."

"भोगला ना भाऊ," कुंदन हसला. प्रतीक्षा मान खाली घालून भाकरी मोडत राहिली.

गोदाबाईंनी ताटातला तुकडा उलटापालटा करून पाहिला. "हा इतका चपटा काहून हाय वं? ट्रकखाली आला काय?"

सगळे हसले. कुंदन मात्र घास हातात धरून थांबला.

"भाकस हाय तो, माय. रेतीत पडून राह्यते, म्हणून दोन्ही डोये वरच्या अंगाले." मग त्यानं घास खाल्ला आणि नाक मुरडलं. "शिळा हाय पण. आमच्या गावात असा कोनी खात नाई. होडीतून उतरला का सिधा चुलीवर."

"वलगावात कवा रे होता हा मासा?" गोदाबाईंनी विचारलं.

कुंदननं प्रतीक्षाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"वलगाव नाई माय," तो हळू म्हणाला. "हर्णै."

प्रतीक्षा कालवण आणायच्या निमित्तानं उठली आणि आत ओट्याला टेकून मनसोक्त रडली. एकटी नव्हती ती.