सोबती बदलण्याचा नियम

जिंतुरातली ‘संगत’ किशनरावांनी उभी केली होती. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक असताना ते स्वतः दारूत पार बुडाले होते. नोकरी जायच्या बेतात असताना सुटले, आणि आपण सुटलो तसे आणखी चार जण सुटावेत म्हणून त्यांनी दर रविवारी सकाळी एका शिकवणीवर्गाच्या खोलीत माणसं जमवायला सुरुवात केली. तिथं फी नव्हती, डॉक्टर नव्हता, पगारी माणूस तर नव्हताच. सतरंजी अंथरणाऱ्यापासून चहा करणाऱ्यापर्यंत सगळे दारू सोडलेले किंवा सोडायला आलेले. नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून देत. त्याला सोबती म्हणत. प्यावंसं वाटलं की आधी सोबत्याला फोन करायचा, एवढीच तिथली रीत.

बन्सीधर हा किशनरावांच्या जोडीला दिलेला माणूस. जिंतूर ते येलदरी जीप चालवायचा. आला तेव्हा त्याचे हात इतके कापत होते की बायकोला शर्टाच्या गुंड्या लावून द्याव्या लागत. किशनराव त्याच्या घरी जाऊन बसले, पेज पाजली, घाम पुसला. पुढं तो सावरला. मग रोज सकाळी जीप काढण्याआधी त्याचा फोन यायचा. किशनरावांचे दोन्ही मुलगे पुण्यात होते आणि सणासुदीलाच बोलायचे. बन्सीधर मात्र रोज बोलायचा. घरातलं भांडण, जीपचा हप्ता, पोरीचं लग्न, सगळं सांगायचा. बायको कस्तुराबाई हाक मारत असली तरी फोन संपेपर्यंत किशनराव ओ देत नसत.

मग सुगत आला. येलदरीच्या वीजकेंद्रात तंत्रज्ञ म्हणून तो बदलून आला होता. दारू परभणीला असतानाच, तीन वर्षांपूर्वी सोडलेली, पण किशनरावांच्या मानानं परवाचीच म्हणायची. वयानं चाळिशीतला, कमी बोलणारा, आणि स्वतःची फजिती अशी काही सांगायचा की सगळी खोली हसायची. पहिल्या रविवारी बन्सीधर इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. किशनरावही हसले. पण घरी जाताना त्यांच्या मनात आलं की बन्सी आपल्या बोलण्यावर असा कधी हसला नव्हता.

सुगत रोज बन्सीधरच्याच जीपनं ये-जा करू लागला. पुढची जागा त्याच्यासाठी राखलेली असायची, असं कुणीतरी सहज सांगितलं. किशनरावांनी ते सहज घेतलं नाही. बैठकीत बन्सीधर कुणाशेजारी बसतो, चहाचा पहिला कप कुणाला नेऊन देतो, याकडे त्यांचं लक्ष जाऊ लागलं. सकाळचे फोन आखूड झाले आणि मग एखादा दिवस चुकू लागला. विचारलं तर बन्सीधर म्हणायचा, सुगतभाऊंशी बोलणं झालं होतं, म्हणून परत तुमाला तरास दिला न्हाई. किशनराव बरं म्हणायचे आणि दिवसभर कस्तुराबाईंवर चिडचिड करायचे.

नियमावलीचा विषय त्याच पावसाळ्यात निघाला. संगतीतल्या एकानं दुसऱ्याची कहाणी एका लग्नात बोलून टाकली होती. ती त्या माणसाच्या व्याह्यांपर्यंत गेली आणि तो यायचा बंद झाला. शिवाय चारठाण्याला नवी बैठक सुरू करायची होती. तिथं किशनराव दर वेळी जाऊ शकणार नव्हते. तोंडी रीतीवर भागणार नाही, नीट लिहून काढू, असं ठरलं. काम तिघांवर आलं. एक किशनराव, दुसरा सुगत आणि तिसरी रेणुका. ही शिवणकाम करायची, स्वतः दारूतून उठलेली होती आणि कुणाची भीड ठेवायची नाही.

तिघं शनिवारी रेणुकाच्या दुकानात बसायचे. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं, ही गोष्ट लगेच लिहून झाली. कुणी पिऊन आला तर त्याला हाकलायचं नाही, मागं बसवायचं आणि कुणीतरी त्याला घरी पोचवायचं. बाईला बाईच सोबती द्यायची. बैठक चालवणारा वर्षानं बदलायचा. हे शेवटचं सुगतनं सुचवलं तेव्हा किशनरावांना वाटलं, हा आता आपल्या खुर्चीवरही आला. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. मग त्यांनीही दोन कलमं मांडली. सोबती होणाऱ्याची दारू सुटून किमान दहा वर्षं झालेली हवीत, हे एक. आणि कुणाला सोबती बदलायचा असेल तर आधीच्या सोबत्याची परवानगी हवी, हे दुसरं.

रेणुकानं मशीन थांबवलं. दहा वर्षांची अट लावली तर संगतीत किती सोबती उरतील, असं तिनं विचारलं. किशनराव म्हणाले, नवशिक्याच्या हाती माणूस दिला आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण. बोलणं रास्त होतं, त्यामुळं त्यामागचं कारण त्यांना स्वतःपासूनही झाकता आलं. सुगत म्हणाला, “काकांचा अनुभव मोठा आहे. त्यांना हे गरजेचं वाटत असेल तर असू द्या.”

त्याचं असं सहज मान्य करणंही किशनरावांना लागलं. तो भांडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

शेवटी दहाऐवजी पाच वर्षं ठरली. तरी सुगत त्यात बसत नव्हता. रविवारी नियम वाचून दाखवले, सगळ्यांनी हात वर केले. बन्सीधरनंही केला, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवसापासून बन्सीधरचा फोन पुन्हा रोज येऊ लागला. काका, ठीक हाय. कालचा दिवस चांगला गेला. आज गिऱ्हाईक बरं हाय. असं चार वाक्यं बोलून तो ठेवायचा. किशनराव प्रश्न विचारायचे, त्याला तो मास्तरापुढं उभ्या पोरासारखी उत्तरं द्यायचा. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं आणि तरी फोन ठेवल्यावर ते जास्तच बेचैन व्हायचे.

अशातच एक दिवस दुपारी ते येलदरीला गेले. कस्तुराबाईंना सांगितलं, मासे आणतो. बन्सीधरची जीप मुद्दाम टाळून दुसऱ्या जीपनं गेले. धरणाच्या अलीकडे उतरून चालू लागले तर वसाहतीच्या वळणावर कडुलिंबाखाली बन्सीधरची जीप उभी दिसली. थोड्या अंतरावर, पाण्याकडे तोंड करून, तो आणि सुगत दगडावर बसले होते. बन्सीधर बोलत होता. हातवारे करत, मध्येच थांबत, खूप बोलत होता. सुगत त्याच्याकडे बघतही नव्हता, पाण्यात खडे टाकत ऐकत होता. किशनराव झाडाआड उभे राहिले. आपण साठी उलटलेला माणूस झाडाआड उभा आहे याची त्यांना लाज वाटली, पण पाय निघेनात. बन्सीधर रडला, मग डोळे पुसून कशावर तरी हसला. तेव्हा मात्र किशनरावांच्या छातीत जाळ झाला. ते तसेच फिरले. घरी येऊन मासे ताजे नव्हते म्हणाले.

रविवारी हा विषय काढायचा असं त्यांनी पक्कं केलं. नियम मोडला होता, सुगतनं, आणि त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. बैठकीला जाताना त्यांची पावलं कधी नव्हे इतकी हलकी पडत होती.

पण बैठक सुरू होताच सुगतच उभा राहिला. म्हणाला, नियम लिहिणाऱ्यांत मी होतो आणि मीच तो मोडला. बन्सीधरशी मी सोबत्यासारखं बोलत आलोय. मला जे काय लागू होतं ते लागू करा. एवढं बोलून तो खाली बसला. बैठक किशनराव चालवत होते, त्यामुळं सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

बन्सीधर उठला. “त्यांचं काई चुकलं न्हाई. मीच गेलतो त्यांच्याकडं. पोरीची सोयरीक मोडली. व्याह्याला माझं मागचं पिणं कळलं. त्या दिवशी बाटली जीपमदी घेऊन ठुली व्हती. ती त्यांनी माझ्याच हातानं वतायला लावली.”

किशनरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. येलदरीला त्या दोघांना पाहिलं त्या सकाळीही फोनवर तो ठीक हाय म्हणाला होता. बैठक चालवणाऱ्यानं विचारू नये ते त्यांनी विचारलं. “माझ्याकडं का न्हाई आलास बन्सी?”

बन्सीधर म्हणाला, “काका, तुमाला लय लागतं. मागं मी एकदा पेलो तवा तुमी रडलाव. दोन दिवस जेवला न्हाईत, काकूनं मला सांगितलं. तवापासून तुमाला वाईट सांगायचं भ्या वाटतं. मला माझंच वझं उचलना, तुमचं कसं उचलू?”

किशनरावांना वाटलं, उठून बाहेर निघून जावं. त्यांच्या मनात असंही येऊन गेलं की आत्ता प्यायलो तर याला कळेल. ते इतकं स्पष्ट आलं की ते स्वतःच दचकले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. पाणी मागून घेतलं, प्यायले. मग रेणुकाला म्हणाले, “ते परवानगीचं कलम काढून टाक. सोबती बदलायचा असंल तर माणसानं खुशाल बदलावा. कारण सांगायची गरज न्हाई आन् जुन्या सोबत्यानं इचारायचं न्हाई. पाच वर्षांचंही काढ. मी ते बन्सीवर नजर ठेवून घातलं व्हतं.”

रेणुका म्हणाली, पाच वर्षांचं सगळंच काढू नका, दोन ठेवा, नव्या माणसाला जपायलाच हवं. तसं ठरलं. हात वर झाले. बन्सीधर सुगतच्या जोडीला गेला. सुगत सतरंजीची घडी घालू लागला. त्यानं समजुतीनं पाठीवर हात ठेवला असता तर किशनरावांना ते सहन झालं नसतं, आणि बहुतेक त्याला ते कळलं असावं.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. किशनराव ओसरीत मोबाइल समोर ठेवून बसले होते. कस्तुराबाईंनी चहा आणला आणि स्वतःचाही कप घेऊन त्या शेजारी बसल्या. किशनरावांनी त्यांना सगळं सांगितलं. झाडाआड उभं राहिल्याचंही सांगितलं. त्या हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

“मला बी असंच व्हायचं,” त्या म्हणाल्या. “आधी तुमी दारूपाशी असायचाव. मग सुटलाव, म्हटलं आता माझ्यापाशी बसतेल. तर तुमी त्या बन्सीपाशी. तो आजारी होता तवा तुमी त्याला पेज पाजली. मला ताप आला तर शेजारच्या सरजाबाईला बोलावून आणलाव.”

“कधी बोलली न्हाईस.”

“काय बोलू? चांगलंच काम करायलाव म्हणायचं सगळं गाव.”

किशनरावांनी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर कस्तुराबाई म्हणाल्या, आता लगेच काही बोलू नका, चहा निवायलाय. दोघं चहा प्यायले. अंगणातली बोअर लागत नव्हती, ती दाखवायला कुणाला बोलवावं, यावर थोडं बोलले. मधूनमधून किशनरावांची नजर मोबाइलकडे जायची. कस्तुराबाईंना ती दिसायची.

पुढं चारठाण्याची बैठक सुरू झाली. त्या दिवशी बन्सीधर जीप येलदरीऐवजी तिकडं काढतो, आणि किशनरावांना तीच सोयीची पडते. जाताना कस्तुराबाईही बरोबर असतात. त्यांच्या माहेरची वाट तिकडूनच आहे. पुढच्या जागेवर सुगत बसलेला असतो, बन्सीधर त्याच्याशी काही बोलतो आणि दोघं हसतात. मागच्या बाकावर किशनरावांना अजूनही आत कुठंतरी चटका बसतो. पूर्वी ते कान देऊन ऐकायचे. आता कस्तुराबाईंना खिडकीजवळची जागा देतात आणि बोरी गावच्या बाजारात यंदा मिरची काय भावानं गेली ते विचारतात. त्या सांगू लागतात. त्यातलं अर्धंच त्यांच्या कानात शिरतं, पण ते ऐकत राहतात.