एक हिवाळा, बाळंतशेपाचा

मुलांनो, आमच्या माणिकपूरच्या घरात हिवाळ्यातली सकाळ आधी वासाने येते. उन्हाची पहिली तिरीप मजल्यावरच्या सामाईक गॅलरीत उतरण्यापूर्वीच तुमचे आजोबा कुंड्यांपाशी पोचलेले असतात आणि चहाला आत येतात तेव्हा त्यांच्या बोटांना शेपूचा तो उग्र, हिरवा दरवळ लागलेला असतो, ज्याला लहानपणी तुम्ही नाके मुरडत होता.

वालीवच्या कारखान्यात लोखंड कातण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांचे हात उतारवयात इतके मृदू होतील असे मला वाटले नव्हते. बी तळव्यावर हलकेच रगडायचे, खोल कुंडीत विरळ पेरायचे, माती नुसती ओलसर ठेवायची. आणि उगवलेले रोप उपटून दुसरीकडे लावायचे नाही, त्याच्या मुळांना जागा बदललेली सोसत नाही. एवढे सांगून ते क्षणभर पश्चिमेकडे, तुमच्या जर्मनीच्या दिशेला पाहतात.

मुगाच्या डाळीतली शेपूची भाजी पोटाला हलकी, वायू धरू न देणारी. यंदा मात्र तीही बंद होती. तुमच्यापैकी मुक्ताला दिवस गेल्याचे कळले आणि आजोबांनी कार्तिकात पेरलेला सगळा शेपू फुलावर जाऊ दिला, कारण त्याच्याच बिया म्हणजे बाळंतशेपा. बाळंतिणीने तो जेवणानंतर भाजून चघळावा, पोट शांत राहते, दूध उतरते, अशी आपल्याकडची समजूत. (मुक्ता, तरीही तिथल्या डॉक्टरांना विचारूनच खा.) तुमची आई मुक्ताच्या बाळंतपणासाठी माघ संपताना तिकडे निघणार, तोवर बी पिकायला हवे होते. बाजारात हवा तेवढा मिळतो, पण त्यांना घरचाच पाठवायचा होता.

पौषात पिवळ्या छत्र्या उमलल्या. आमच्या मजल्यावर कुणाच्याही कुंडीतले खुडावे आणि मागाहून सांगावे, अशी जुनी रीत आहे. एका सकाळी शेजारची सिसिलिया हसत दारात आली.

"काका, तुमची पिवळी फुलं नेली हां! मारियामातेच्या आल्तारावर ठेवलीत. काय देखनी दिसतात!"

आजोबांचा पेला ओठांशीच थांबला. "शोभत असतील," ते म्हणाले.

ती गेल्यावर मी उसळले, "अहो, सांगायचं नाही का तिला?"

"काय सांगू? देवापुढचं परत आण म्हणून?"

भिंतीकडे कललेला एकच तुरा तिच्या नजरेतून सुटला होता. पुढचे सारे दिवस आजोबा त्या एका काडीपाशी असे बसत, जणू तापलेल्या लेकराच्या उशाशी. ऊन सरके तशी कुंडी फिरवत. दाणे तपकिरी होऊ लागले तेव्हा ते गळू नयेत म्हणून त्यांनी तुऱ्याला मलमलीचा तुकडा सैलसर बांधला.

आई निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तुरा ताटलीत चोळला. चिमूटभराहून थोडे अधिक, एवढेच.

"बाजारचा मिसळू का यात?" मी विचारले.

"नको. एकदाच खाईल, पण आपला खाईल."

स्वतःच मंद आचेवर भाजून, निवल्यावर त्यांनी ते दाणे इवल्याशा डबीत भरले आणि दुपारी फार दिवसांनी गाढ झोपले.

लांबचा प्रवास आता त्यांना झेपत नाही. ते बाळ त्यांच्या मांडीवर कधी खेळेल, न खेळेल. त्याला पणजोबा आठवणारही नाहीत. मात्र त्यांच्या उरलेल्या हिवाळ्यांपैकी एक त्याच्या वाढत्या अंगात नकळत मुरलेला असेल.