धुरीची जागा

गोकुळनं तांब्याभर पाणी खापरात ओतलं आणि निखारे चर्र करून विझले. राखेचा लोट उठून गोजरबाईच्या नाकातोंडात गेला. खोकता खोकता ती म्हणाली, "अरं, इचारायचं तरी."

"इचारण्यासारखं काय ऱ्हायलंय, आई? त्यो बघ पेट्रोलचा डबा. तुझी एक ठिणगी उडाली तर तू, आबा नि पावणं, समदी एकदम वर."

नावेच्या मागच्या टोकाला निळ्या रंगाचं इंजन बसलं होतं. सेकंडहँड होतं, पण पोरानं आबाच्या खांद्यासाठी चाकणहून आणलं होतं. आबाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सावळेरामचा उजवा खांदा गेल्या पावसाळ्यापासून वर जात नव्हता. सदरा घालायला बायको लागायची, आणि तरी हा गडी डिंभ्याच्या धरणात वल्ही मारत होता. तेव्हा गोकुळनं केलं ते चांगलंच केलं, याबद्दल गोजरबाईच्या मनात शंका नव्हती. आता आपण बसायचं कुठं, एवढाच तिचा प्रश्न होता.

त्यांची वाडी पाण्याच्या पल्याड. बाजार, दवाखाना आणि आली तर एसटी, सगळं अल्याड डिंभ्याला. दिवे लागायच्या आधी सावळेराम रिकामी नाव घेऊन डिंभ्याच्या काठाला जायचा आणि वाडीची माणसं भरून आणायचा. नेमकी तीच वेळ डासांची. त्यातही डास परवडला, तो निदान गाणं म्हणून चावतो. चिलटं मुकाट्यानं चावतात. काठच्या लव्हाळ्यातून ढगासारखी उठतात आणि कानात, मानेवर, लेकरांच्या पापण्यांवर जाऊन बसतात. म्हणून गोजरबाई नावेच्या पुढच्या टोकाला गोणपाट टाकून बसायची. मांडीपुढं खापर, खापरात शेणीचा निखारा, त्यावर निरगुडीचा ओला पाला आणि मूठभर लसणाची सालं. नाव पुढं चालायची तसा धूर मागं जायचा, सगळ्यांच्या अंगावरून हात फिरवल्यासारखा. डोळे चुरचुरायचे, पण चावा नाही.

लोक तिला धुरीवाली म्हणायचे. तिची शिस्तही होती. "पाय झाका गं पोरींनो. संध्याकाळचं काळं नेसून येऊ नगा, डासाला काळं लांबून दिसतं. आन् दादाभाऊ, तू कमरेला निरगुडी चोळ. तंबाखू थुकायला वाकतोस तवा तुझा सदरा वर जातो. चिलटं त्याचीच वाट बघत्यात."

"मामी, आमच्या कंबरेवर लई लक्ष दिसतंय तुमचं," दादाभाऊ म्हणायचा, आणि नाव हसून डुलायची.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. धुरी लागायची ती येतानाच्या खेपेला. जाताना नाव रिकामी, आणि रिकाम्या नावेत दोघंच. घरात सून, नातवंडं, दारात सारखं कुणीतरी. घरात सावळेराम बायकोला "ऐकलं का" म्हणायचा, फार झालं तर "गोकुळची आई". लग्न होऊन आल्यापासून उंबऱ्याच्या आत त्याच्या तोंडून तिचं नाव कधी निघालं नव्हतं. पण काठ सुटला, लव्हाळं मागं पडलं, की वल्ह्याच्या ठेक्यावर म्हणायचा, "हं, गोजरे. काय म्हणतीस?"

मग ती दिवसभराचं सांगायची. कोंबडी खुडूक बसली, सुनेनं भाजीत दोनदा मीठ टाकलं, असलंच. त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं आणि तो सगळं ऐकायचा. नावेत बसल्यावरच या माणसाला बायकोचं नाव कसं आठवतं, याचं तिला तरुणपणी हसू यायचं. आता यायचं नाही. आता ती संध्याकाळची वाट बघायची.

इंजनाचा पहिला दिवस तिनं काठावरून पाहिला. नाव हलकी आणि इंजन मागं, त्यामुळं पुढचं टोक बिचकलेल्या घोड्यासारखं वर उठलं. गोकुळ हुशार. त्यानं काठावरचा एक बसका दगड उचलला आणि पुढं ठेवला. तिच्या जागेवर, तिच्याच गोणपाटावर. नाव लगेच शहाण्यासारखी आडवी झाली आणि भर्रकन गेली.

"जमलं बघा, आत्या," सून आरती म्हणाली.

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "दगुड बराय. त्याला चिलटं बी चावत न्हाईत."

दोन दिवस तिनं विचार केला. चालत्या इंजनापुढं चिलटाचं काही चालत नाही हे तिलाही दिसत होतं, एवढ्या वाऱ्यात ते बसणार कुठं? पण डिंभ्याच्या काठाला माणसं भरेपर्यंत नाव उभी असते. तिथं तर चावतातच की. आणि करंजाच्या तेलाला काही निखारा लागत नाही. गोठ्यात बैलाच्या अंगाला चोळायला बाटली होतीच. ती पदराखाली घेऊन गोजरबाई काठावर हजर झाली. गोकुळ सुट्टी संपवून चाकणला गेला होता, त्यामुळं अडवायला कुणी नव्हतं.

"धुरी न्हाई, ठिणगी न्हाई," ती म्हणाली. "नुसतं त्याल हाय."

"ये की," सावळेराम म्हणाला. एवढंच.

ती दगडाशेजारी अंग चोरून बसली. काठ सुटला. लव्हाळं मागं पडलं. सावळेरामचे ओठ हलले.

"आं?"

पुन्हा हलले.

"काय म्हंतासा? आं?"

त्यानं हातानंच काही नाही अशी खूण केली. इंजन एकटंच बोलत राहिलं.

डिंभ्याच्या काठाला मात्र तिनं कसर ठेवली नाही. लसीकरणासाठी वाडीवर मुक्कामाला निघालेल्या प्रतिभा सिस्टरच्या कोपरांना तेल लावलं, बाजारकरणींच्या पावलांना लावलं, दादाभाऊच्या मानेला तर बैलाला लावतात तसं दोन्ही हातांनी चोळलं. सगळ्यांत शेवटी सावळेराम. त्याचे दोन्ही हात तिनं मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत नीट माखले. त्याचा दुखरा हात तिच्या हातात होता तेवढा वेळ तिला बरं वाटलं.

मग सावळेरामनं उभं राहून डाव्या हातानं इंजनाची दोरी ओढली. दोरी होती तिथंच राहिली. तेलकट मूठ तेवढी सुटली आणि सावळेराम नावेच्या कडेवरून मागच्या मागं पाण्यात जाऊन बसला.

"आबा," दादाभाऊ म्हणाला, "इंजन हितं ऱ्हायलं राव. तुमी म्होरं निघालासा?"

सगळे हसले. पाण्यात बसल्या बसल्या सावळेरामही हसला. पण वर काढताना त्याचा खांदा पिळवटला आणि चेहरा पांढरा पडला, तसा हशा थांबला. सिस्टरनं ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला. दोरी दादाभाऊनं ओढली. येताना गोजरबाई दगडाकडं पाठ करून बसली होती.

त्या रात्री करंजाच्या वासापायी दादाभाऊला बायकोनं ओट्यावर झोपवलं, ही गोष्ट वाडीनं आठवडाभर चघळली. गोकुळचा फोन आला तो मात्र हळू बोलला. "आई, तू आता घरीच थांब. तुलाबी दगदग नगं." तो चिडला असता तर तिला उलट बोलता आलं असतं.

ती घरी थांबली. सावळेरामचा हात झोळीतून निघाला, इंजन पुन्हा जायला यायला लागलं. त्या वेळेला गोजरबाई गोठ्यात धुरी करायची. निरगुडीचा पाला तोच, लसणाची सालं तीच. गाय डोळे मिटून उभी राहायची. गोजरबाई तिला दिवसभराचं सांगायची, पण गाईला काही हुंकार देता येत नव्हता.

एका संध्याकाळी इंजनाचा आवाज आला नाही. तिनं कान दिला. तेवढ्यात गोठ्याच्या दारात सावळेराम उभा. मागं ओट्यावर आरती तांदूळ निवडत होती.

"ऐकलं का."

"ऐकतीया."

"नाव लई उडतीया. पुढं वजन पायजेल."

"दगुड हाय की."

सावळेरामनं सुनेकडं पाहिलं, गाईकडं पाहिलं. "न्हाई जमत त्याचं," तो म्हणाला, आणि उताराला लागला.

आरती सुपातून डोकं वर न करता म्हणाली, "जावा आत्या. मी बघते गाईचं."

काठावर नाव उभी होती. दगड नव्हता. तो बाजूला उथळ पाण्यात पडला होता आणि नावेच्या कडेवर ताजा ओरखडा होता. एका हातानं ढकलत ढकलत काढलेला दिसत होता. गोणपाट झटकून पुन्हा घडी घालून ठेवलं होतं. गोजरबाई लुगडं आवरून आपल्या जागेवर बसली. नाव शहाण्यासारखी आडवी झाली.

काठ सुटला, लव्हाळं मागं पडलं. पाण्याच्या मध्यावर सावळेरामनं इंजन बंद केलं.

"काय झालं? बिघाडलं?"

"न्हाई."

इतके दिवस इंजनाच्या आवाजाखाली झाकलेलं पाणी एकदम ऐकू यायला लागलं. वल्ही घरी आढ्याला टांगलेली होती. नाव वाऱ्यानं आपली आपण वाहत काठच्या लव्हाळ्याकडं सरकली आणि व्हायचं तेच झालं. चिलटांचा ढग उठला.

"चालू करा की वं. चावत्यात."

"करतो."

पण त्याचा हात दोरीकडं गेला नाही. उजव्या कानावर चिलटं बसत होती आणि उजवा हात तिथवर जात नव्हता. तो नुसतीच मान हलवत होता, गाईसारखी. गोजरबाईनं ते थोडा वेळ पाहिलं. मग ती उठली, तोल सावरत मागं आली, त्याच्याशेजारी बसली आणि लुगड्याचा पदर ओढून त्याच्या कानावरून, खांद्यावरून, स्वतःच्या डोक्यावरून घेतला. पदराला गोठ्यातल्या धुरीचा वास होता.

पलीकडं डिंभ्याच्या काठावर माणसं अंगावर चापट्या मारत उभी असलेली दिसत होती.

"दादाभाऊ वाट बघत आसंल," ती म्हणाली.

"बघू दे. त्याला आजून करंजाचा वास हाय." पदराखाली तो तिच्याकडं वळला. "हं, गोजरे. काय म्हणतीस?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "कोंबडीनं आंडी फोडली."

आणि ती सांगत राहिली. पुढची जागा मोकळी पडल्यानं नावेचं टोक पाण्यावरून चांगलं वर उचललं होतं.