दोन बोटांची माया

शिवणखोलीतला बिस्किटांचा डबा दर तिसऱ्या दिवशी तळ दाखवू लागला, तेव्हा मोठ्या बाईंना प्रथम काज-बटणे करणाऱ्या मावशीचाच संशय आला.

"माझ्यावर कसला डोळा ठेवता, बाई!" मावशी फणकारली. "तोंडात दात दोन. तुमची बिस्किटं चोरायची तर आधी भिजत घालावी लागतील!"

मग उरली बाईंची स्वतःची लेक. पण तिच्यावर संशय घ्यावा तरी कसा? वजन उतरवण्यासाठी दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, देह निम्मा झाला, आणि ते कौतुक गिऱ्हाइकांना सांगता सांगता बाईंची जीभ झिजली. जेवताना तिला वाटीभरही जात नसे, हे बाई रोज पाहत होत्या. मात्र हल्ली ती अंगाला टेप लावू देत नव्हती. डॉक्टरांच्या तपासणीची तारीखही तिने दोनदा चुकवली होती.

आज तिसरी तारीख. लेकीचा निळा ड्रेस इस्त्रीसाठी उलटा करताच बाईंचा हात थबकला. काखेखाली दोन बोटे रुंद पट्टी जोडलेली होती. कापड जुळते, टाका मात्र मावशीचा. मावशी खाली मान घालून काज करत राहिली.

"बेबी! हे काय?"

दारातल्या लेकीने तोंडातला घास घाईघाईने गिळला. "उसवायला माया कुठे होती, आई? कपडे आत घेताना शिवणीतलं जादा कापड तूच छाटलंस. 'आता ही लागायची नाही,' म्हणालीस."

"पण तू तर चिमणीएवढं खातेस!"

"ताटावर. एरवी दिवसभर एकेक चालूच असतं. भूक नसते, तरी हात थांबत नाही. 'असं झालं तर लपवू नका, लगेच या,' असं डॉक्टर म्हणाले होते. पण तुझी दवंडी चालू होती ना! कुठल्या तोंडाने जाऊ?"

बाईंनी जन्मात कुणाची क्षमा मागितली नव्हती. आजही मागितली नाही. त्यांनी कपाटातून नवे कापड काढले.

"हात वर कर."

माप घेतले, पण आकडा उच्चारला नाही. खडूची रेघ दोन बोटे बाहेरून ओढली.

"हा उद्या होईल. आज पट्टीचाच घाल. डॉक्टरांकडे मी येते. बोलायचं तू, मी तोंड उघडणार नाही."

"तू? गप्प?"

मावशीने सुई खोचून ठेवली. "थांबा, हे बघायला मीही येते."