कोपराचा वास

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे नाकवाली म्हणत आणि तिला ते आवडायचंही. साबणाची एकही खेप तिनं हुंगल्याशिवाय वेष्टनात जात नसे. वास घेऊन घेऊन नाक थकलं की ती बाही वर करायची, स्वतःच्या कोपराच्या आत नाक खुपसायची आणि एक लांब श्वास घ्यायची. आपल्या कातडीचा ओळखीचा वास लागला की नाक पुन्हा ताजं. नवे लोक आधी फिदीफिदी हसत आणि पुढच्याच आठवड्यात तेच करू लागत.

घरी मात्र तिचं सगळं लक्ष हातांवर असायचं. बाबांचे हात पार्किन्सनने कापत, शर्टाच्या एका बटणाशी त्यांची झटापट चाले. आजीचंही शेवटी तसंच झालं होतं. हे आपल्याही रक्तात उतरलं असणार, ही भीती तिला कायम असे. कप उचलला की बशी वाजते का, इकडे तिचे कान.

शेवटी तिनं मनाचा हिय्या करून रक्त तपासायला दिलं. अहवालात काहीच सापडलं नाही आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरीणबाई पडल्या स्पष्टवक्त्या. त्यांनी तो पुन्हा टांगणीला लावला.

“सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका. ही तपासणी ज्या लोकांच्या रक्तावरून बसवली, त्यांत आपली माणसं फार थोडी. काही समाजांत जनुकांतला एक बिघाड पुष्कळ दिसतो, तो आपल्यात क्वचितच. आपल्यात दुसरंच काही असेल, तर ते अजून कुणी पुरतं शोधलेलंच नाही.”

“मग मी समजायचं काय?”

“काही बदल वाटला तर लगेच या.”

बदल म्हणजे हातांचा, असं तिनं धरून टाकलं. हात तर दगडासारखे स्थिर होते.

त्या दिवशी ती कारखान्यातून फणफणतच घरी आली. धाकटी बहीण स्वयंपाकघरात होती, बाबा खुर्चीत.

“अत्तरवाला लुच्चा झालाय, बाबा. पाणी मिसळतो. दोनदा जास्तीचं ओतायला लावलं तरी साबणाला वास म्हणून नाही. वर मिश्रणवाले काका नाकाला रुमाल लावून म्हणतात, ताई, सगळ्यांचे डोळे चुरचुरतायत, अजून किती ओतू? यांची नाकंच बिघडलीत.”

बाबा हसले नाहीत. एरवी ते हसले असते.

“सर्दी झालीय का तुला?”

“नाही.”

“कधीपासून हलकं लागतंय अत्तर?”

“झाले की काही महिने. का?”

“हात कापायला लागले त्याच्या कितीतरी आधी,” ते हळूच म्हणाले, “मी तुझ्या आईशी कॉफीवरून भांडायचो. वासच नाही, शिळी पावडर आणतेस म्हणून. बिचारीनं दुकानं बदलली. मी दोष देत राहिलो कॉफीलाच.”

आपण इतके दिवस चुकीच्या दारावर पहारा देत बसलो होतो, हे तिला कळलं. सवयीनं तिनं बाही वर केली, कोपराच्या आत नाक खुपसलं आणि लांब श्वास घेतला. मग दुसरा कोपर. नुसती हवा आत गेली.

“ताई,” आतून बहीण म्हणाली, “आधी आंघोळ कर बाई. तू दारात पाऊल टाकल्यापासून त्या अत्तरानं माझं डोकं उठलंय.”

ती खुर्चीपाशी खालीच बसली. तिला भीती वाटत होती, लहानपणी वाटायची तशी, आणि तेव्हासारखाच तिनं बाबांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो कापतच राहिला आणि त्याच्याबरोबर तिचेही हात कापू लागले.