तिसरी कुरकुर

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे, फोटो स्टुडिओतलं. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या स्टुलावर बसला असाल, पण ते तुम्हाला आठवणार नाही. फोटोत माणूस छातीपर्यंतच येतो आणि मी खाली राहतो. पस्तीस वर्षं हजारो माणसं अंगावर घेतली, पण एकाही फोटोत मी नाही. तक्रार नाही, आहे ते सांगितलं.

सुताराने मला जोडलं तेव्हा लाकूड अजून ओलसर होतं. ते वाळलं, एक पाय सैल झाला आणि मी कुरकुरायला लागलो. स्टुडिओ फोटोवाल्या काकांचा. त्यांनी मला कधीच दुरुस्तीला दिलं नाही. मला वाटायचं, माणूस चिक्कू आहे.

काकांच्या सूचना मला तोंडपाठ आहेत. "पुढच्या अर्ध्या भागावर बसा. अंग जरा तिरपं, मान माझ्याकडे. हनुवटी किंचित खाली." एवढं सांगून ते गप्प व्हायचे. इतके गप्प, की त्यांना डुलकी लागली की काय असं बसणाऱ्याला वाटावं. माणूस बसला की मी एकदा वाजायचो. फोटो निघणार म्हणून तो श्वास रोखून ताठ झाला की दुसऱ्यांदा. भलेभले माझ्यावर बसून लाकूड होतात, आणि लाकूड म्हणजे काय ते मला विचारा! मग कंटाळून श्वास सुटायचा, खांदे उतरायचे, वजन खाली बसायचं आणि मी तिसऱ्यांदा कुरकुरायचो. काका बटण दाबायचे ते नेमकं तेव्हाच. लोक म्हणायचे, काकांच्या हातात जादू आहे.

पुढे तेच हात थरथरायला लागले. काका बाहेरच्या टेबलापाशी बसून फोटो पाकिटात भरू लागले आणि कॅमेरा त्यांच्या मुलीकडे, ताईकडे आला. ताई हुशार आणि टापटिपीची. माझ्या कुरकुरीची तिला गिऱ्हाइकांसमोर लाज वाटायची. एक दिवस तिने सुताराला बोलावून माझ्या पायात दोन लांब स्क्रू मारून घेतले, वर मऊ गादी बसवली. "नवीन घेतलंत का?" असं लोक विचारू लागले. खोटं कशाला बोलू, मी फार खूश झालो.

पण त्यानंतर फोटोतली माणसं पोलीस ठाण्यात बोलावल्यासारखी दिसू लागली. ताई सूचना वाढवत गेली, "हसा, इतकं नको, खांदे सैल, डोळे मोठे," आणि माणसं आणखी आखडत गेली.

अशातच शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. आजारपणात त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू खाली ओढली गेली होती. मुलगा दूरदेशी नोकरीला. वर्षभर त्या त्याला फोनवर "मी ठणठणीत आहे" असं सांगत होत्या आणि चेहरा दाखवायची वेळ आली की फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणत होत्या. आता तो फोटोसाठी हटून बसला होता.

"असा काढ गं, की त्याला कळणार नाही," मावशी म्हणाल्या.

ताईने त्यांना उजवीकडून बसवलं, डावीकडून बसवलं, ओठ मिटायला लावले. दहा-बारा फोटो झाले. मावशींनी ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले आणि त्या उठल्याच. "ही कोण बाई? हिला बघून तर पोरगं जास्तच घाबरेल."

बाहेरून काकांचा आवाज आला. "स्टूल किती वेळा वाजलं?"

"बाबा, ते आता वाजत नाही. मी दुरुस्त करून घेतलंय."

काका आत आले. तीन कुरकुरींची गोष्ट त्यांनी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितली.

"मग आता मी ओळखायचं कसं?" ताईने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी कधी बघितलंच नाही. नुसतं ऐकलं."

ताईने मावशींना पुन्हा बसवलं, या वेळी सरळ समोर. आणि ती गप्प राहिली. मावशींची बोटं माझ्या कडेला घट्ट आवळलेली होती. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग त्यांचा श्वास सुटला, वजन खाली आलं. मला ते कळलं, पण माझं तोंड दोन स्क्रूंनी बंद. बाई गं, आत्ता! किती जीव तोडून मला सांगायचं होतं! तेवढ्यात मावशींची बोटं माझ्या कडेवरून सुटली आणि सवयीने स्वतःच्या बाहीची शिवण चाचपू लागली. ताईने ते पाहिलं. बटण दाबलं गेलं.

मावशी फोटो बघायला वाकल्या. "वाकडं दिसतंय."

"दिसतंय खरं," ताई म्हणाली.

"पण मीच आहे. पाठव."

त्या पायऱ्या उतरायच्या आतच मुलाचा फोन आला. त्यांनी तो कानाला लावला आणि ऐकत ऐकतच त्या परत येऊन माझ्यावर बसल्या. काकांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणतो, वर्षभर एकटीने का सोसलंस? येतोय तो." आणि त्या रडू लागल्या. इतकं मोकळं वजन माझ्यावर आजवर कुणी टाकलं नव्हतं.

मित्रांनो, "आत्ता नको, बरी दिसेन तेव्हा काढू" म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरी असेल. त्यांना आजच बसवा. सूचना कमी द्या, आणि त्यांची बोटं सैल होईपर्यंत थांबा.