शेवटचं कडवं आणि मी

हॅलो. हॅलो. ऐकू येतंय?

मित्रांनो, परतूरजवळच्या एका गावात, बुद्धविहाराच्या गच्चीवर, लोखंडी पाइपाला बांधलेला मी एक जुना भोंगा. विहाराची व्यवस्था बघणाऱ्या संघपालने मला जालन्याहून आणलं तेव्हाही मी जुनाच होतो. त्याआधी एका टेम्पोवर बसून कांदे-बटाटे विकत होतो.

माझं काम सोपं. आत येईल ते मोठं करायचं. वंदना, लसीकरणाची सूचना, हरवलेली शेळी. त्यात माझं मत नसतं.

खर्र.

गावातला राजानंद कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा आणि भीमगीतं लिहायचा. अशा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. तीच त्याची सही. त्याचं प्रत्येक गाणं गावाने आधी माझ्यातून ऐकलं.

मग शहरातल्या गाणी काढणाऱ्या एका कंपनीने त्याचं एक गाणं मागून नेलं. पुढच्या भीमजयंतीला ते संघपालच्या मोबाईलवरून माझ्यात आलं. नवा गायक, भरपूर बँजो. गाव नाचलं. शेवटचं कडवं आलं आणि त्यात दुसऱ्याच माणसाचं नाव निघालं. मी ते स्वच्छ, मोठ्याने म्हटलं. नदीपलीकडे गेलं.

पाय थांबले.

"संघपाल, ह्यो कोण पाव्हणा घुसवला रं गाण्यात?" म्हाताऱ्या साळूबाईने विचारलं.

राजानंदने विहाराच्या पायरीवरूनच कंपनीला फोन लावला.

"शेवटपर्यंत ऐकतं कोण, भाऊ?" पलीकडचा माणूस म्हणाला.

त्यानंतर राजानंदने लिहिणं सोडलं. माझ्याकडे शेळ्या आणि सूचना उरल्या. गंज चढला. एका साळुंकीने माझ्या तोंडात घरटं केलं आणि पिल्लं उडाल्यावर ते तसंच सोडून दिलं.

खर्र. खर्र.

यंदा जयंतीच्या आधी संघपाल गच्चीवर येऊन मला साफ करत होता. राजानंद शिडीवरून वर आला.

"नवं लिहिलंय."

"नाव टाकलं का?"

"न्हाई. टाकलंच न्हाई, मंग काढतेत काय?"

"बिलकुल येडा हायेस तू."

जयंतीला राजानंदने स्वतः माईक धरला. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं. नावाच्या जागी तो गप्प राहिला. नुसती ढोलकी वाजली.

तेवढ्यात खालून साळूबाई ओरडली, "राजानंद!" मग पोरं. मग बाया. सगळं गाव.

त्यांच्यापैकी कुणाकडेच माईक नव्हता. ते माझ्यातून आलं नाही. मी फक्त ऐकलं.

"आजी, गाणं बिघडवलं तुम्ही," राजानंद म्हणाला.

"जागा मोकळी दिसली, लेका. मंग बसवलं."

राजानंदने घसा साफ केला आणि तेच कडवं पुन्हा म्हटलं. नावासकट. ते मी नदीपलीकडे नेलं.

मित्रांनो, पावसाळ्याआधी मला उतरवा, पुसा, वायर बघा. तेवढं नाही जमलं तर राहू द्या. पण गाणं लावलंत, तर मध्येच बंद करू नका. शेवटच्या कडव्यात कुणीतरी उभं असतं.